प्रयोगशाळेतला अबोला

लग्नाकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की समोरच्या बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "रक्त, लघवी, थुंकी... किळस नाही हो येत?" मी सांगते, नाही येत. पहिले आठ दिवस येते. मग नळीत काय आहे यापेक्षा नळीवरचं नाव बरोबर आहे ना, याचीच धास्ती इतकी असते की किळसेला सवड मिळत नाही.

दुसरा प्रश्न जरा धीट माणसं विचारतात. "तुमच्या हातून कधी चूक झाली का?" नोकरीत होते तेव्हा मी विषय बदलायची. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा सांगून टाकते. झाली. चांगली मोठी झाली. पण ती नळीत झाली नाही की काचेवर झाली नाही. ती व्हरांड्यात झाली, माझ्या तोंडून झाली, आणि निस्तरायला तीन महिने लागले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली सात-आठ वर्षं. पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. रेल्वे स्टेशनापलीकडे निर्वासितांची वसाहत, अलीकडे शेतं, आणि मुंबई रस्त्याला लागून एका ट्रस्टचं आमचं तीस खाटांचं रुग्णालय. वसाहतीतले सिंधी लोक यायचे, बांधकामावरचे मजूर यायचे, मोशी-चाकणकडचे शेतकरी बैलगाडी जुंपून यायचे. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक व्हरांडा, ही प्रयोगशाळा. आमचा एकुलता एक मायक्रोस्कोप खिडकीत ठेवलेला असे, कारण त्याला दिवा नव्हता. खाली एक छोटा आरसा असायचा, त्यानं सूर्याचा उजेड पकडून वर काचेवर टाकायचा. आभाळ भरून आलं की आमचं निम्मं काम थांबायचं आणि रोग्यांना सांगावं लागायचं, "ऊन पडू द्या, मग रिपोर्ट देते." लोकही समजूतदार. शेतकऱ्याला ऊन-पावसाची वाट बघण्यात नवल काय वाटणार!

मी तिथे साधी तपासनीस म्हणून लागले. दीड वर्षानं आमचे प्रमुख मुंबईला निघून गेले आणि मोठे डॉक्टर, म्हणजे डॉ. देवस्थळी, मला म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही बघा." मी सव्वीस वर्षांची होते. मला वाटलं, तपासण्या बघायच्या. माणसंही बघायची असतात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

माणसं तीन होती आणि तिघंही माझ्याहून मोठी. पहिले तापकीर हवालदार. इंद्रायणीकाठच्या चऱ्होलीचे, पन्नाशी ओलांडलेले, मिशीला पीळ. लष्करी इस्पितळांच्या प्रयोगशाळांतून त्यांची वीस वर्षं गेली होती. लढाईत ब्रह्मदेशच्या जंगलात तंबूत बसून त्यांनी मलेरियाच्या किती काचा पाहिल्या असतील त्याची गणती नाही. शेवटची बदली देहूरोडला झाली, तिथून पेन्शन घेतली आणि आमच्याकडे आले. शिक्षण चौथी. दुसरा हासानंद. कराचीच्या मोठ्या इस्पितळात तपासनीस होता, फाळणीत सगळं सोडून वसाहतीत आला. पस्तिशीचा, शर्टाला रोज इस्त्री, अक्षर छापल्यासारखं, हातात पदवी. रजिस्टर तोच लिहायचा. आणि तिसरे हमीदभाई, चिंचवडचे. काचसामान धुणं आणि बेडूक सांभाळणं ही त्यांची कामं.

बेडकांचं ऐकून लोक हसतात, म्हणून सांगते. त्या काळी बाईला दिवस गेलेत की नाही हे ओळखायला भेक लागायचा, म्हणजे अंगावर खडबडीत पुळ्या असलेला मोठा बेडूक, आणि तोही नर. बाईच्या लघवीचं इंजेक्शन त्याला द्यायचं आणि काही तासांनी त्याला तपासायचं. बाई गरोदर असेल तर बेडकात ठरावीक फरक दिसायचा. हमीदभाई ते बेडूक पवनेकाठून धरून आणत आणि मागच्या हौदात पोटच्या पोरांसारखे वाढवत. एकदा एक बेडूक सुटला आणि व्हरांड्यात बसलेल्या एका तालेवार सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसला. सासूबाई किंचाळल्या. हमीदभाई शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, पेढे वाटायच्या तयारीला लागा. हा उगाच कुणाकडं जात नाही." सुनेचा निकाल खरंच होकारी निघाला, आणि त्या बेडकाची कीर्ती चाकणच्या बाजारापर्यंत गेली.

तर अशी ही माणसं. हवालदार आणि हासानंद यांचं पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं, पण ते मोठ्यांदा पटत नव्हतं. रंग किती वेळ ठेवायचा, काच कशी धुवायची, प्रत्येक गोष्टीवर वाद. हवालदार म्हणायचे, "लढाईत आमी असंच करायचो." हासानंद म्हणायचा, "लढाई संपली ना दादा!" माझं डोकं उठायचं. ही दोघं गप्प बसली तर किती बरं होईल, असं मला रोज वाटायचं.

ते बसले गप्प. माझ्यामुळेच.

एका दुपारी बांधकामावरचा एक मुकादम थंडी-ताप घेऊन आला. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि तांबड्या पेशीत बारीकशी अंगठी दिसते का ते पाहायचं. दिसली तर मलेरिया. हवालदारांनी काच पाहिली आणि सांगितलं, "मलेरिया. लिवा." हासानंदनं रजिस्टर बाजूला ठेवून स्वतः डोळा लावला. म्हणाला, "कुठे आहे मलेरिया? हा तर रंगाचा गाळ आहे." झालं, जुंपली. दोघंही काच हातात घेऊन व्हरांड्यात माझ्याकडे आले. व्हरांड्यात पंधरा-वीस रोगी बसलेले, मुकादमही त्यांच्यात. मी आत जाऊन पाहिलं. हासानंदचं बरोबर होतं. गाळाचे ठिपके पेशीच्या वर बसतात, आत नाही. शिकाऊ मुलालाही कळावं इतकं ते उघड होतं.

मी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हवालदार, हा मलेरिया नाही. एवढंही ओळखू येत नाही तुम्हाला? वीस वर्षं काय बघितलंत?"

आजही ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं, आणि सव्विसाव्या वर्षी बरोबर असण्याचा एक माज असतो. हवालदार ताठ उभे राहिले. टाचा जुळवल्या. "जी बाईसाहेब," म्हणाले आणि आत गेले. मुकादम हसला. आणखी दोघं-तिघं हसले.

त्या दिवसापासून हवालदार हासानंदशी बोलेनासे झाले, आणि माझ्याशी फक्त "जी बाईसाहेब" आणि "न्हाई बाईसाहेब". हासानंदही मानी. त्यानं दोन दिवस प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी तोही गप्प. दोघांची टेबलं चार हातांवर. मध्ये हमीदभाई.

"हमीदभाई, त्यांना इचारा, काल तीन नंबरची काच कुठं ठेवली."

हमीदभाई मान वळवून, "साहेब, काल तीन नंबरची काच कुठं ठेवली?"

"त्यांना सांगा, जिथे रोज ठेवतो तिथे."

"हवालदार, जिथं रोज ठेवतात तिथं."

पहिले आठ दिवस मला याचं हसू यायचं. पंधराव्या दिवशी हमीदभाई माझ्याकडे आले. "बाई, मी बेडूक सांभाळायला लागलोय इथं. बेडूक एका हौदात बावीस आहेत, त्यांचा मला काही त्रास नाही. ह्या दोघांना तुम्ही सांभाळा."

मी काय केलं? काहीच नाही. वाटलं, पुरुषांचा राग आहे, उतरेल आपोआप. आणि खरं सांगायचं तर प्रयोगशाळेतली शांतता मला आवडायला लागली होती.

मग माझ्या लक्षात आलं की तेलाची बाटली भराभर रिकामी होते आहे. अगदी बारीक काही पाहायचं तर काचेवर एका खास तेलाचा थेंब टाकावा लागतो. परदेशातून येणारं तेल, आम्ही अत्तरासारखं वापरायचो. थेंब जास्त का जातात म्हणून मी पाळत ठेवली. हवालदार साडेचारला चऱ्होलीकडे जाणाऱ्या ओळखीच्या गाडीनं निघायचे. ते गेले की हासानंद खिडकीशी बसायचा आणि शेवटचं ऊन असेपर्यंत हवालदारांनी त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या काचा पुन्हा पाहायचा. एकेक करून.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, हा त्यांच्या चुका गोळा करतोय. एक दिवस यादी घेऊन देवस्थळींकडे जाणार आणि म्हाताऱ्याची नोकरी घालवणार. मी त्याला तिथेच गाठलं.

"हासानंद, हे काय चाललंय?"

तो दचकला नाही. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाला, "बाई, तुम्ही या इकडे. ही काच बघा."

थुंकीची काच होती. निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या. क्षय. दोन-चार नाही, भरपूर.

"कुणाची?"

"चिखलीच्या शाळामास्तराची. हवालदारानं सांगितला, साफ आहे म्हणून." त्यानं रजिस्टर उघडलं. तिथे पेन्सिलीनं 'नाही' लिहिलेलं होतं. सकाळी रिपोर्ट डॉक्टरांकडे जाण्याआधी तो ते शाईनं लिहायचा, तपासून. "ह्या महिन्यात तीन झाले असे. मलेरियाचे दोन, हा एक."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? त्याला दिसत नाही, बाई. मोतीबिंदू आहे. मी त्याला बघतो ना रोज, काच आधी उन्हाला धरतो, डोळा चोळतो, म्हणतो आज उजेड नाही. लख्ख ऊन पडलेला असतो! माझ्या वडिलांचं असंच झालं होतं कराचीत. दुकानात कापड मोजायचे. सगळ्या बाजाराला माहीत होतं, त्यांना कोणी सांगितलं नाही, नुसते हसले." त्यानं रजिस्टर मिटलं. "तुम्ही त्या दिवशी ओरडला, मला बरं नाही वाटलं. मी भांडतो त्याच्याशी, पण माणूस मोठा आहे. आता मी सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, नाही सांगितलं तर पेशंट मरेल. म्हणून मी बघतो. तो माझ्याशी बोलत नाही, काच तर बोलते ना."

मी खुर्चीवर बसले. ज्या दोघांना मी भांडकुदळ समजत होते, त्यातला एक रोज तासभर फुकट बसून दुसऱ्याची इज्जत राखत होता, आणि मी तेलाचे थेंब मोजत होते.

त्याच वेळी मी हवालदारांशी सरळ बोलायला हवं होतं. देवस्थळींना सांगायला हवं होतं. पण मी घाबरले, आणि घाबरलेली माणसं जे करतात ते केलं. आडवळण घेतलं. दुसऱ्या दिवशी मी हवालदारांना म्हणाले, "उद्यापासून काचा हासानंद बघतील. तुम्ही फक्त रक्त काढा. गर्दी वाढलीय."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी मला कंपाउंडरकीला लावता?"

"तसं नाही हवालदार..."

"जी बाईसाहेब."

खरं तर रक्त काढण्यात त्यांच्या हाताला जोड नव्हती. पण त्यांना ती शिक्षा वाटली आणि मी ती शिक्षा नाही हे पटवू शकले नाही, कारण खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. पंधरा-वीस दिवस असेच गेले. हवालदार यायचे, टाचा जुळवायचे, सुया उकळायचे, रक्त काढायचे, जायचे. चऱ्होलीचा एक जण मला सांगून गेला, "हवालदार शेती बघायची म्हनत्यात. नोकरी सोडत्यात."

मग तो शुक्रवार आला.

दुपारचा एक वाजला असेल. हमीदभाई नमाजला गेले होते. मोशीहून एक बैलगाडी भरधाव आली. आत गवतावर घोंगडीत गुंडाळलेली एक पोरगी, गंगू नावाची, अठरा-एकोणीस वर्षांची. घरी बाळंत झाली होती, मूल सुखरूप, पण रक्त थांबत नव्हतं. पांढरीफटक पडलेली. बरोबर नवरा, दीर आणि सासू.

देवस्थळींनी रक्तस्राव थांबवला, पण अंगातलं इतकं रक्त गेलं होतं की वरून दिल्याशिवाय ती वाचत नव्हती. तेव्हा आमच्याकडे रक्तपेढी कुठली! समोर उभ्या असलेल्या नातेवाइकांपैकी कुणाचं जुळतं ते पाहायचं, त्याचं रक्त बाटलीत घ्यायचं आणि रोग्याला द्यायचं. न जुळणारं रक्त दिलं तर माणूस रक्ताअभावी नाही, त्या रक्तानं मरतो. म्हणून आधी दोघांचे गट पाहायचे, आणि मग रोग्याच्या रक्तातलं पाणी नि देणाऱ्याच्या पेशी एकत्र करून गुठळ्या होतात का ते बघत बसायचं. हे काम हासानंदचं. पण त्यासाठी आधी गंगूचं रक्त हवं, आणि गंगूच्या हाताला शीरच सापडत नव्हती. रक्त कमी झालं की शिरा चपट्या होऊन आत दडतात. देवस्थळींनी दोनदा सुई घातली. मी एकदा. काही नाही. देवस्थळी म्हणाले, "कातडी कापून शोधावी लागेल. वेळ जाईल."

मी व्हरांड्याकडे धावले. "हवालदार!"

ते आले. हात धुतले. गंगूच्या हातांकडे पाहिलंच नाही, सरळ पायाशी गेले. घोट्याच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मिटलेच. बोटं अर्धा इंच सरकली, थांबली, पुन्हा मागे आली.

"हाय," ते म्हणाले. "हितं हाय. दोरीवानी लागतीय."

पहिल्या फटक्यात सुई आत. नळीत काळसर रक्त चढलं. देवस्थळींनी स्वतःची सुई खाली ठेवली आणि त्याच शिरेत मिठाच्या पाण्याची बाटली जोडली.

बाहेर दुसराच घोळ. नवऱ्याचं रक्त घ्यायचं म्हणताच तो हात पाठीमागे लपवून उभा राहिला आणि दीर तर बैलांना पाणी दाखवतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. हवालदार नवऱ्यापुढे उभे राहिले. तीन महिन्यांत त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

"आरं बाबा, बाटलीभर रगात दिल्यानं गडी मरत न्हाई! लढाईत आमी कितींदा बाटल्या दिल्या. ह्यो बघ मी, हाय का न्हाई जित्ता?"

नवऱ्यानं कसाबसा हात पुढे केला. घाईत मीच त्याच्या आणि गंगूच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गट पाहिले, ते जुळले नाहीत. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली सासू उठली. चाळिशीची, काटक बाई. तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या.

"माझं बघा. माझं चालंल का?"

"आई, तू?" नवरा म्हणाला.

"का? माझ्या अंगात काय ताक हाय? माझी लेक जगली न्हाई. हिला म्या लेक म्हनून आनलीय. काढा वो दादा."

हवालदारांनी तिचंही रक्त नळीत घेतलं. गंगूची नळी आणि सासूची नळी, दोन्ही त्यांनी हासानंदच्या टेबलावर ठेवल्या आणि मागे फिरले. चिठ्ठ्या लावायचं काम हमीदभाईंचं आणि हमीदभाई नमाजला. नळ्या दोन, दिसायला सारख्या, नाव एकीवरही नाही. अदलाबदल झाली तर सगळी तपासणी उलटी. मी दारात उभी होते. हासानंदनं नळ्यांकडे पाहिलं, मग हमीदभाईंच्या रिकाम्या स्टुलाकडे, मग हवालदारांच्या पाठीकडे.

"दादा!" तो ओरडला. "ट्यूब कोणाची कुठली?"

हवालदार थबकले. एक क्षणभरच. मग वळून टेबलापाशी आले आणि एकेक नळी हातात धरून म्हणाले, "ही डाव्या हातातली सुनेची. ही उजव्या हातातली सासूची. सुनेची पातळ हाय, हालवून बघ. आता चिठ्ठी लाव आदी, मग बाकीचं."

"लावतो. तुम्ही हलू नका इथून."

"न्हाई हालत. तू घाई करू नगं."

तीन महिन्यांनंतरचं हे पहिलं बोलणं. दोघंही काचेवर वाकले होते. हासानंद थेंब टाकत होता आणि हवालदार वाक्यावाक्याला विचारत होते, "गुठळी हाय का? आता हाय का?" आणि तो म्हणत होता, "नाही दादा. अजून नाही. थांबा. नाही." अर्ध्या तासानं त्यानं मान वर केली. "जुळलं."

सासूचं रक्त सुनेला गेलं. पाचच्या सुमाराला गंगूनं डोळे उघडून विचारलं, "पोर कुठंय?" तेव्हा सासू शेजारच्या खाटेवर गोड चहा पीत होती आणि अजून बैलांना पाणीच दाखवत असलेल्या धाकट्या लेकाचा उद्धार करत होती.

त्या संध्याकाळी हवालदार साडेचारच्या गाडीनं गेले नाहीत. मी मागे गेले तर ते बेडकांच्या हौदाच्या कठड्यावर बसले होते.

"बाई, एक बोलायचं व्हतं." बाईसाहेब नाही, बाई. "गेलं वरीसभर मला काचंत धुकं दिसतंय. मी कुनाला सांगितलं न्हाई."

"मला माहीत आहे, हवालदार."

"कुनी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. हासानंदचं, पेन्सिलीचं, चिखलीच्या मास्तरांचं. मास्तरांचं ऐकून त्यांनी मान खाली घातली.

"रोज बघायचा?"

"रोज."

"समद्या काचा?"

"सगळ्या."

"आन मला एक शब्द न्हाई बोलला."

"तुम्ही कुठे बोलत होतात त्याच्याशी?"

ते हसले. मग मी, जे तीन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. म्हणाले, "हवालदार, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं खरं. पर बाई, ही माफी हितं बेडकांम्होरं नगं. जितं बोलला, तितं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात रोगी भरलेले असताना मी हवालदारांना बोलावलं आणि मोठ्यानं माफी मागितली. त्या दिवशीचा एकही माणूस अर्थातच तिथे नव्हता. मी कशाबद्दल बोलतेय हे कुणालाच कळेना. चाकणच्या एक आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "गुनाची पोर हाय, पर काय केलं म्हनायचं हिनं?" हवालदारांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "कबूल."

मग मी देवस्थळींकडे गेले आणि मोतीबिंदूपासून सगळं सांगितलं. त्यांनी उठून आधी खोलीचं दार लावलं. मग मला चांगलंच झाडलं: क्षयाची काच चुकते आहे हे कळल्यावर एक दिवससुद्धा गप्प बसायचा मला अधिकार नव्हता, मैत्री, दया, भीती काही असो, रोग्याशी असा जुगार खेळायचा नाही. सगळं खरं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मगच त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणाला काही कळलं नाही. माणसाला बोलायचं कसं, हे मी त्या दिवशी दाराच्या आत बसून शिकले. पुढे माझ्या हाताखाली वीस-पंचवीस माणसं आली. दार न लावता मी कुणाला एकदाही बोलले नाही.

हवालदारांची नोकरी राहिली. रक्त काढायला पिंपरी-चिंचवडात त्यांच्या तोडीचा हात नव्हता, हे आता देवस्थळींनी स्वतः पाहिलं होतं. थंडीत पुण्याच्या एका इस्पितळात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या काळी ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्ट्या बांधून आठ-दहा दिवस मान न हलवता पडून राहावं लागायचं. हासानंद दर संध्याकाळी पुण्याला जायचा आणि त्यांच्या उशाशी बसायचा. काय बोलत होते, कोण जाणे. हवालदार नंतर एवढंच म्हणाले, "लई बडबड करतो गडी. डोळ्याला पट्टी व्हती, कानाला कुठं व्हती?"

दीड-दोन महिन्यांनी ते कामावर आले. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, त्यामागे दुप्पट मोठे दिसणारे डोळे. आल्या आल्या मायक्रोस्कोपशी जाऊन बसले, आरसा फिरवून ऊन धरलं, चष्मा कपाळावर सारला आणि हासानंदनं नुकतीच रंगवलेली काच पाहायला लागले. मी शेजारच्या खोलीत लिहीत होते.

"ह्यो काय रंग म्हनायचा का काय?" हवालदारांचा आवाज आला. "समदं निळं करून ठिवलंय. ह्यात मलेरिया काय, हत्ती लपला तरी दिसायचा न्हाई."

"दादा, कराचीत आम्ही असाच रंग करत होतो."

"कराचीत करा! हितं मी हाय!"

"तुम्हाला आता दिसतं म्हणून सगळं चुकीचं दिसतंय!"

"मग काय खोटं बोलू?"

आवाज चढत गेला. हमीदभाई हातातली बाटली तशीच घेऊन माझ्या दारात आले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी अल्लाचे आभार मानले. पाठोपाठ पलीकडच्या इमारतीतून देवस्थळी आले. "बाई, काय आरडाओरडा आहे हा? वॉर्डात ऐकू येतंय. थांबवा ते."

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नाही डॉक्टर. चालू दे. आता सगळं ठीक आहे."